नव्या टेक्निकल रायटरचे पहिले बारा आठवडे: शिकवायचं काय आणि जोखायचं कसं

टीममध्ये नवा टेक्निकल रायटर, म्हणजे यंत्र किंवा सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते लिहिणारा, रुजू झाला की बहुतेक ठिकाणी त्याला लेखनाच्या नियमांची जाडजूड स्टाइल गाइड देतात, जुनी मॅन्युअल्स वाचायला सांगतात आणि पंधरा दिवसांनी एखादं छोटं काम सोपवतात. त्याचा मसुदा सीनियर लाल करून परत देतो, नवा माणूस त्या खुणांप्रमाणे दुरुस्त्या करतो. असं सहा महिने चाललं की तो सीनियरला आवडेल असं लिहायला शिकतो. ज्याच्यासाठी मॅन्युअल लिहिलं जातं, तो माणूस या सगळ्यात कुठेच आलेला नसतो.

मी पुण्यात सॉफ्टवेअर आणि मशिनरी, दोन्हींसाठी लिहिलं आहे आणि बरीच वर्षं नव्यांना शिकवते आहे. माझं ठाम मत असं, की आपण लिहिलेल्या सूचना वाचताना अनोळखी माणूस कुठे अडतो हे नव्या रायटरनं स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवं, आणि तेही पहिल्या आठवड्यातच. टूल, टेम्प्लेट, स्वल्पविराम हे मागाहून भराभर येतं. खालची आखणी टीम लीडसाठी आहे. एकट्यानं शिकणाऱ्यालाही ती वापरता येईल, फक्त मदतीला दोन-तीन माणसं लागतील.

निवड करताना

या कामाला बी.ई. झालेले येतात, इंग्रजीत एम.ए. केलेले येतात, पत्रकारिता किंवा अनुवाद सोडून आलेले येतात. पदवीवरून फारसं कळत नाही. मी पाऊण तासाची एक परीक्षा घेते. उमेदवारानं कधी न बघितलेलं एखादं उपकरण किंवा अ‍ॅपचा स्क्रीन समोर ठेवायचा आणि एकाच कामाच्या पायऱ्या लिहायला सांगायच्या. लिहिण्याआधी दहा मिनिटं त्यानं मला हवे ते प्रश्न विचारायचे. माझे निम्मे गुण त्या दहा मिनिटांना असतात. “हे कोण वाचणार आहे? त्याच्याकडे पासवर्ड आधीपासून असतो का? मधेच लाइट गेली तर?” असं विचारणाऱ्याचं इंग्रजी थोडं कच्चं असलं तरी मी त्याला घेते. एकही प्रश्न न विचारता सफाईदार पान लिहून देणाऱ्याबद्दल मला जास्त काळजी वाटते.

प्रमाणपत्रांवर विसंबू नका. अमेरिकेतली सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन ही १९५३ पासूनची संस्था जानेवारी २०२५ मध्ये बंद झाली. या व्यवसायातली ती मोठी संस्था होती, प्रमाणपत्रंही देत असे. नव्यांना घडवायची जबाबदारी आता आणखीच टीमवर आली आहे.

पहिला आठवडा: कागदाची होडी

पहिल्या दिवशी स्टाइल गाइड देऊ नका. ए-४ कागद द्या आणि सांगा: कागदाची होडी कशी करायची ते लिही. चित्र काढायचं नाही, फक्त शब्द. वेळ एक तास.

होडी निवडण्यामागे कारण आहे. ती सगळ्यांना येते, तिच्यात तांत्रिक शब्द नाहीत, खर्च नाही, कोणाला इजा होत नाही, आणि चुकली तर चुकलेली डोळ्यांना दिसते. “समजलं, समजलं” म्हणून वेळ मारून नेता येत नाही.

लिहून झालं की दुसऱ्या टीममधल्या कोणाला तरी बोलवा. त्यानं सूचना मोठ्यानं वाचायच्या, जसं लिहिलंय अगदी तसं करायचं आणि मनात येईल ते बोलत राहायचं. लिहिणाऱ्यानं शेजारी बसायचं, पण तोंड उघडायचं नाही, हात पुढे करायचा नाही, मानही हलवायची नाही. हा नियम कडक पाळा. सगळं शिक्षण या गप्प बसण्यात आहे.

घडतं ते असं. पहिली घडी बहुतेकांना जमते, पण ती कागदाच्या लांबीत घालायची की रुंदीत, हे लिहिलेलं नसतं, त्यामुळे काहीजण तिथेच चुकतात. दोन कोपरे मधल्या रेषेवर आणून त्रिकोण होतो, खालच्या पट्ट्या वर वळवून टोपी होते. तोपर्यंत गाडी कशीबशी चालते. मग पुढचं वाक्य येतं: “आता टोपी उघडून चौकोन करा.” इथे प्रत्येकजण थांबतो. लिहिणाऱ्याचा हात आपोआप पुढे येतो, कारण त्याच्या बोटांना ही हालचाल लहानपणापासून ठाऊक आहे. टोपीचं तोंड खालून फाकवायचं, दोन टोकं एकमेकांवर आणायची, मग ती दाबून सपाट करायची. ही तीन कामं त्यानं एका वाक्यात गुंडाळलेली असतात.

याच वेळी मी त्यांना एक प्रयोग सांगते. १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी काही जणांना प्रसिद्ध गाण्यांची चाल टेबलावर बोटांनी वाजवायला लावली आणि समोरच्यांना गाणं ओळखायला सांगितलं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्म्या वेळा तरी ओळखलं जाईल. १२० पैकी ओळखली गेली फक्त ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं सुरू असतं, ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. होडीच्या खेळानंतर ही गोष्ट सांगितली की समजावून द्यावी लागत नाही; आधी सांगितली तर ती नुसती माहिती होते.

मग दुसरा मसुदा, दुसरा वाचक. तिसरा मसुदा, तिसरा वाचक. वाचक दर वेळी नवा हवा, कारण एकदा होडी जमलेला माणूस चाचणीला निरुपयोगी होतो. तिन्ही मसुदे तारीख घालून फाइलला लावा. बाराव्या आठवड्यात ते लागणार आहेत.

दुसरा आणि तिसरा आठवडा: वाक्याची शिस्त

आता भाषेकडे वळा. माझ्या मते यासाठी विमान उद्योगाची ‘सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश’ ही नियमावली सगळ्यात उपयोगी आहे. तिची पहिली आवृत्ती १९८६ ची. आज ती एएसडी-एसटीई१०० या नावानं ओळखली जाते. जगभरच्या मेकॅनिकना, ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांनाही, देखभालीच्या सूचना एकाच अर्थानं कळाव्यात म्हणून ती झाली. तुमचं उत्पादन विमान नसलं तरी तिचे काही नियम उचलण्यासारखे आहेत: सूचनेचं वाक्य २० शब्दांच्या आत, वर्णनाचं २५ च्या आत, एका वाक्यात एकच काम आणि एका शब्दाला एकच अर्थ. ‘फॉलो’ हा शब्द तिथे फक्त ‘मागून येणे’ या अर्थानं चालतो, ‘पाळणे’ या अर्थानं नाही. नव्या माणसाला हे आधी जाचक वाटतं. मग त्याच्याच जुन्या पानातून दोन अर्थ निघणारी वाक्यं शोधायला लावा. पहिल्याच तासात पाच-सहा सापडतात.

आपल्याकडच्या मुलांच्या इंग्रजीत काही सवयी ठरलेल्या दिसतात. ऑफिसच्या पत्रव्यवहारातून आलेलं ‘काइंडली’ आणि ‘प्लीज’ प्रत्येक पायरीला लागतं. कर्मणी प्रयोग फार असतो: बटण दाबलं जावं, फाइल सेव्ह केली जावी. दाबायचं कोणी, माणसानं की मशीननं, ते वाक्यातून कळत नाही. अट शेवटी येते: “रीस्टार्ट करा, जर अपडेट पूर्ण झालं असेल तर.” वाचकाचं बोट तोपर्यंत बटणावर गेलेलं असतं. मराठीत बोलताना आपण अट सहज आधी सांगतो, “दूध उतू जायला लागलं तर गॅस बारीक कर.” तोच क्रम इंग्रजीत ठेव, एवढं सांगितलं की पुरतं. ‘ए’ आणि ‘द’ च्या चुका मात्र मी या टप्प्यावर मोजत नाही. त्या हळूहळू जातात आणि तोवर टूल पकडतं.

जोडीला गूगलचे टेक्निकल रायटिंगचे मोफत ऑनलाइन कोर्स करायला द्या. ते मुळात इंजिनिअरांसाठी आहेत, त्यामुळे उदाहरणं सॉफ्टवेअरची आहेत, पण सराव चांगला होतो.

धोक्याच्या सूचना: यासाठी एक अख्खा दिवस

हा भाग घाईनं उरकू नका. आमच्या कामात चुकीचा स्वल्पविराम लाज आणतो, चुकीच्या जागचा इशारा माणसाला भाजतो.

सरावासाठी घरगुती गॅस सिलिंडर बदलण्याच्या सूचना लिहायला द्या. हा सराव फक्त कागदावर करायचा, प्रत्यक्ष सिलिंडरवर चाचणी घ्यायची नाही. विषय घराघरातला आहे, म्हणूनच गाळलेल्या गोष्टी लगेच उघड्या पडतात. नवा माणूस रेग्युलेटर काढण्यापासून सुरुवात करतो. शेगडीचे आणि रेग्युलेटरचे नॉब आधी बंद करायचे, स्वयंपाकघराला लागून देवघर असेल तर समई आणि उदबत्ती विझवायची, खिडकी उघडायची, हे एकतर राहून जातं किंवा शेवटी ‘टीप’ म्हणून येतं. नव्या सिलिंडरची टोपी काढल्यावर व्हॉल्व्हच्या आत रबरी रिंग आहे का ते बघायचं, हे क्वचितच कोणी लिहितं. गळती तपासायला साबणाचं पाणी लावायचं, काडी कधीही ओढायची नाही. वास आला तर काय करायचं आणि १९०६ हा आपत्कालीन नंबर कुठे छापायचा, हेही ठरवावं लागतं.

मग नियम सांगा: इशारा त्या पायरीच्या आधी यायला हवा. त्यात तीन गोष्टी असाव्यात: धोका कशाचा आहे, दुर्लक्ष केलं तर काय होईल, आणि ते टाळायचं कसं. कोणता इशारा किती गंभीर, याची भाषा अमेरिकी मानक एएनएसआय झेड५३५.६ मध्ये ठरलेली आहे. टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होईलच, तिथे ‘डेंजर’. तशी इजा होण्याची शक्यता असेल तर ‘वॉर्निंग’. किरकोळ किंवा मध्यम इजेची शक्यता असेल तर ‘कॉशन’. इजेचा संबंध नसून फक्त वस्तूचं नुकसान होणार असेल तर ‘नोटीस’. नव्यांना सगळीकडे ‘वॉर्निंग’ लावावंसं वाटतं. एका पानावर आठ वॉर्निंग असल्या की वाचक नववीही वाचत नाही, आणि खरी महत्त्वाची नेमकी तीच असते.

चौथा ते सहावा आठवडा: इंजिनिअरला विचारायचं कसं

माझ्या पाहण्यात नवे रायटर इथे सगळ्यात जास्त अडखळतात, आणि कारण भाषेचं नसतं. समोर वीस वर्षांचा अनुभव असलेले ‘सर’ असतात, ते घाईत असतात, आणि “मला कळलं नाही” म्हणायला जीभ रेटत नाही. मुलगी वहीत भराभर उतरवून घेते, “थँक यू सर” म्हणून जागेवर येते आणि मग न कळलेली गोष्ट सुंदर इंग्रजीत लिहून टाकते. असा मसुदा धोकादायक असतो, कारण तो वरवर बरोबर दिसतो.

यावर मी तीन गोष्टी करते.

पहिली, रिकाम्या हातानं भेटायला जायचं नाही. आधी उत्पादन स्वतः चालवून बघायचं, जुने दस्तऐवज आणि जिरावरची (कामांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली) तिकिटं वाचायची, आणि जेवढं समजलं तेवढं अर्ध्या पानात लिहून न्यायचं. “हे कसं चालतं?” या प्रश्नाला सर दहा मिनिटं बोलतात आणि हाताला काही लागत नाही. “मी असं समजले, चूक कुठे आहे?” असं विचारलं की ते पेन घेऊन दुरुस्त करायला लागतात. चुकलेलं वाक्य समोर दिसलं की इंजिनिअरला गप्प बसवत नाही, याचा फायदा घ्या.

दुसरी, ठरलेले काही प्रश्न पाठ करून घ्यायचे. हे बटण दाबलंच नाही तर काय होईल? दोनदा दाबलं तर? ही पायरी झाली हे वापरणाऱ्याला कशावरून कळेल, दिवा लागतो की आवाज येतो? इथून मागे फिरता येतं का? लोक इथे नेहमी काय चुकतात? हा शेवटचा प्रश्न सर्व्हिस इंजिनिअरला आणि कस्टमर सपोर्टवाल्यांनाही विचारायचा. त्यांच्याकडे जे सापडतं ते डिझाइन करणाऱ्याकडे सहसा नसतं.

तिसरी, मराठीत विचारायची मुभा. दोघांची मातृभाषा मराठी असताना मीटिंग रूममध्ये तुटक इंग्रजीत बोलून निम्मी माहिती का सांडायची? चहाच्या टपरीवर मिळालेलं स्पष्टीकरण पुष्कळदा जास्त नेमकं असतं. फक्त परत आल्यावर ते लिहून सरांना मेल करायचं आणि “असंच ना?” याला उत्तर घ्यायचं. तोंडी ऐकलेलं मॅन्युअलमध्ये थेट जाता कामा नये.

पहिल्या दोन भेटींना तुम्ही सोबत बसा, पण बोलू नका. नंतर नव्या माणसाशी फक्त त्याच्या प्रश्नांबद्दल बोला, मसुद्याबद्दल नाही.

सातवा आणि आठवा आठवडा: रचना आणि टूल

रचनेसाठी डिटाची, म्हणजे मजकूर प्रकारानुसार वेगळा ठेवायच्या पद्धतीची, विभागणी सांगितली की पुरतं. आयबीएममध्ये तयार झालेली ही पद्धत २००५ साली ओएसिस या संस्थेचं मानक झाली. तिच्यात मजकुराचे मुख्य प्रकार तीन: संकल्पना, कृती आणि संदर्भ. नव्या माणसाच्या पानात हे तिन्ही एकमेकांत मिसळलेले असतात. पायरी चारमध्ये दोन परिच्छेदांचा इतिहास येतो. तीन रंगांच्या पेनांनी त्याचंच पान रंगवायला लावा, मग कापून वेगळं करायला सांगा. तुमची कंपनी डिटा वापरत नसली तरी हा सराव लागू पडतो.

टूल, म्हणजे मॅन्युअल तयार करायचं सॉफ्टवेअर, तुमच्याकडे जे असेल ते: फ्लेअर, फ्रेममेकर, ऑक्सिजन, किंवा मार्कडाउन आणि गिट. तरुण माणसं दोन आठवड्यांत शिकतात. टूल येतं म्हणून रायटर चांगला, असा निष्कर्ष मात्र काढू नका.

मराठी मॅन्युअल लिहायचं असेल तर

पंप, पॉवर टिलर, फवारणी यंत्र, घरगुती उपकरणं यांच्यासाठी मराठी मजकूर लागतो, आणि तो बहुधा इंग्रजीवरून घाईत उतरवलेला असतो. नव्या मराठी लेखकाला मी दोन गोष्टी आधी सांगते. सूचनेला आज्ञार्थ वापरायचा: “झाकण बंद करा.” “झाकण बंद करावे” यात केलं तर बरं असाही सूर निघतो, कारण विध्यर्थातून कर्तव्यही कळतं आणि इच्छाही. “झाकण बंद केले जाते” वाचून शेतकऱ्याला वाटेल की ते आपोआप होतं. दुसरी गोष्ट शब्दांची. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश जवळ हवेतच, पण वापरणाऱ्याच्या तोंडी कोणता शब्द आहे ते गॅरेजमध्ये किंवा शेतावर जाऊन ऐकायला हवं. कोशात झडप असली तरी मेकॅनिक व्हॉल्व्हच म्हणतो. उलट स्पॅनरला तो पाना म्हणतो, तिथे स्पॅनर लिहिणं चूक. एकदा शब्द ठरला की तो शेवटच्या पानापर्यंत तोच ठेवायचा. वाक्याची २० शब्दांची मर्यादा मराठीला सैल पडते, कारण आपले प्रत्यय शब्दाला चिकटून येतात. मी सूचनेसाठी १२ ची ठेवते.

नववा ते बारावा आठवडा: खरं काम, आणि त्याचं मूल्यमापन

आता एक छोटं खरं काम द्या: इन्स्टॉलेशनचं एक प्रकरण किंवा एका फीचरची मदत-पानं, पंधरा पानांच्या आत. सुरुवात, पहिला मसुदा, चाचणी, अंतिम मसुदा, यांच्या तारखा त्यालाच ठरवू द्या.

गुणांची वाटणी मी अशी करते. अचूकता ३०, वाचकाच्या चाचणीचा निकाल ३०, रचना १५, भाषा १५, आणि विचारलेल्या प्रश्नांची व दुरुस्त्यांची नोंद १०. भाषेला १५ च का, असं विचारतात. भाषेतली चूक संपादक दुरुस्त करू शकतो. चुकीचं कळलेलं असेल तर संपादकाला ते दिसतही नाही. याशिवाय एक अट बेरजेच्या बाहेर आहे. एखादी पायरी चुकीची असेल किंवा आवश्यक इशारा गाळला असेल, तर एकूण कितीही गुण असोत, काम परत जातं.

चाचणीसाठी तीन वाचक घ्या, पाच मिळाले तर उत्तम. जेकब नील्सन आणि टॉमस लँडॉवर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या गणितानुसार पाच जणांच्या चाचणीत वापरातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात. तीन जणांत साधारण दोन तृतीयांश. नोंद करायच्या गोष्टी मोजक्या: काम पूर्ण झालं का, किती वेळा मागचं पान उलटलं, कुठे चुकीची कृती झाली, कुठे मदत मागितली. “आवडलं का?” हे विचारू नका. आपली माणसं समोरच्याचं मन मोडत नाहीत, “छान आहे” म्हणतात.

मसुदा दोघांनी स्वतंत्रपणे तपासावा आणि गुण लिहून झाल्यावरच एकमेकांना दाखवावेत. दोघांत दहापेक्षा जास्त गुणांचा फरक पडला तर बहुधा दोष नव्या माणसाचा नसतो. आपण दोघं ‘रचना’ म्हणजे वेगवेगळं काही समजत असतो. ते आधी मिटवा.

शेरे देताना प्रत्येक खुणेला एक अक्षर लावा: ‘चू’ म्हणजे चूक, बदलायलाच हवी, ‘सु’ म्हणजे सुचवणी, पटली तर घे, ‘आ’ म्हणजे माझी आवड, सोडून दिली तरी चालेल. हे केल्यावर मलाच जाणवलं की माझ्या लाल खुणांपैकी पुष्कळशा ‘आ’ होत्या. आणि वाक्य स्वतः लिहून देऊ नका. “इथे वाचकाला कुठला स्क्रीन दिसतो?” असा प्रश्न लिहा, वाक्य त्याला लिहू द्या.

एआयचा प्रश्न आता प्रत्येक टीममध्ये आहे. मी बंदी घालत नाही. पण समासात प्रत्येक विधानाचा आधार लिहायचा, हा नियम मात्र सक्तीचा आहे: स्वतः करून बघितलं, अमुक तारखेला इंजिनिअरनं सांगितलं, किंवा स्पेसिफिकेशनचं अमुक पान. ज्या वाक्यासमोर काहीच नाही ते काढून टाकायचं, ते कितीही गोड वाचलं जात असो. एआयनं लिहिलेली, मुळात नसलेली बटणं आणि कधी न घडणाऱ्या गोष्टींची वर्णनं याच चाळणीत सापडतात. सीनियरनाही हाच नियम लावा, नाहीतर तो टिकत नाही.

बाराव्या आठवड्यात गुण कमी पडले तर कुठल्या रकान्यात पडले ते बघा. भाषेत कमी असतील तर आणखी सहा आठवडे द्या, माणूस हमखास सुधारतो. अचूकतेत कमी असतील तर त्याला उत्पादनाशी पुरेसा वेळ मिळाला होता का, हे आधी तपासा. सहसा मशीन किंवा टेस्ट सर्व्हर उशिरा मिळालेला असतो आणि तो दोष आपला. प्रश्नांच्या नोंदीचा रकाना रिकामा असेल, तर मात्र समोरासमोर बसून मोकळेपणानं बोला. संकोच असेल तर जातो. वापरणाऱ्याबद्दल कुतूहलच नसेल, तर या कामात तो माणूस सुखी होणार नाही, आणि हे त्याला वेळेत सांगणंच प्रामाणिकपणाचं आहे.

शेवटच्या दिवशी पुन्हा एक ए-४ कागद द्या आणि होडीच्या सूचना नव्यानं लिहायला सांगा, जुनं काही न दाखवता. मग फाइलमधला पहिल्या दिवशीचा मसुदा शेजारी ठेवा आणि दोन्हींवर नवे वाचक बसवा. टोपीचा चौकोन करायच्या पायरीपाशी काय होतं, ते दोघं मिळून बघा.